अंदमानला फोटो काढायला नक्की किती वाजता कुठे जायचं? (एजंटच्या आयटिनररीवर विश्वास बसत नाहीये)

चिंचेचं_बोटूक:
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमान ठरलंय, ६ रात्री, आम्ही दोघं, ७ वर्षांचा मुलगा आणि सासूसासरे. सासऱ्यांचे गुडघे जरा कुरकुरतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त, त्यांनी कपाटातून जुना डीएसएलआर कॅमेरा काढून तीन दिवस पुसलाय. आता प्रॉब्लेम असा की मागच्या वर्षी तारकर्लीला गेलो होतो तेव्हा साडेचारशे फोटो काढले आणि घरी येऊन बघितलं तर सगळ्यांची तोंडं काळी आणि मागे आकाश पांढरंफटक, एकसुद्धा फ्रेम करण्यासारखा नाही. यावेळी तसं व्हायला नको. एजंटने जो प्लॅन दिलाय त्यात हॅवलॉक बेटावरचा राधानगर बीच "संध्याकाळी ४.३० ला सूर्यास्त पॉइंट", नील बेटावरचा खडकाचा नॅचरल ब्रिज दुपारी १२.३०, सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी विमानातून उतरल्या उतरल्या, आणि एक अख्खा दिवस बाराटांग. हे बरोबर आहे का? डीएसएलआर न्यावा की फोन पुरे? पाण्यात फोन न्यायची ती प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी का? आणि सासूबाईंना स्नॉर्कलिंग करायचंय, त्यांचे फोटो कसे येतील ते देवच जाणे. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

फिरस्ती_मावशी:
अगं आधी घड्याळाचं डोक्यातून काढून टाक. अंदमानला घड्याळ आपलंच आहे पण सूर्य आपला नाही! ती बेटं पुण्याच्या जवळपास १९ अंश पूर्वेला, वेळ मात्र तीच भारतीय प्रमाणवेळ, त्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या आतबाहेर मावळतो आणि उगवतो साडेपाचच्या सुमारास. आपल्याकडच्यापेक्षा तासभर आधी अंधार. आम्ही हेच न कळून पहिल्या दिवशी जेवलो, हॉटेलवर झोपलो, चहा घेतला, रमतगमत निघालो आणि राधानगरला पोचलो तेव्हा लोक टॉवेल झटकून परत निघाले होते. तुझा एजंट साडेचार म्हणतोय म्हणजे गाडीतून उतरून, पार्किंगमधून चालत, चपला हातात घेऊन वाळूवर येईपर्यंत पावणेपाच, उरली १० मिनिटं, त्यात सासऱ्यांची लेन्स बदलायची.

तिथे ३ लाच जा. काठावर समुद्री मोहाची उंचच उंच झाडं आहेत, त्यांच्या सावलीत सगळ्यांना बसवून माणसांचे फोटो तेव्हाच उरकून घे, सावलीत चेहरा नीट येतो. मग ऊन उतरलं की वाळूवर. आणि सूर्य बुडाला की लगेच पळू नका, रंग नंतर चढतो, फक्त संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही, पटकन काळोख होतो. पोहायचं असेल तर आधीच पोहून घ्या, अंधार व्हायच्या आत लाइफगार्ड शिट्या मारून बाहेर काढतात आणि ते ऐकायचं, मगरीचे बोर्ड शोभेला लावलेले नाहीत.

उगवतीसाठी हॅवलॉकचंच काळापत्थर, ते पूर्वेला आहे. मुलगा उठला तर ठीक, नाहीतर तू एकटी जा, तो तास तुझा.

अर्धा_ट्रायपॉड:
तारकर्लीची तोंडं काळी का आली ते सांगतो, सूर्य माणसांच्या पाठीमागे ठेवून फोटो काढले असणार आणि कॅमेऱ्याने आकाशाकडे बघून ठरवलं की उजेड खूप आहे. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि तो जो सूर्याचा छोटा आयकॉन येतो तो जरासा वर सरकवा, बस. काकांच्या कॅमेऱ्यात भरदिवसा फ्लॅश उघडायचा, हसू दे लोकांना. पांढरी वाळू असली की सुद्धा कॅमेरा घाबरून फोटो करडा करतो, तिथेही उजेड एक पायरी वाढवायचा.

पण एक लक्षात घ्या, पाण्याचा तो हिरवानिळा रंग हवा असेल तर तो सकाळी नि संध्याकाळी नाही मिळत, १० ते २ च्या उन्हात मिळतो, सूर्य डोक्यावर असताना तळाची पांढरी वाळू उजळते म्हणून. म्हणजे समुद्र दुपारी आणि माणसं सकाळी-संध्याकाळी असा हिशोब. पोलरायझर फिल्टर असेल काकांकडे तर पाण्यावरची चकाकी जाते, फरक डोळ्यांनी दिसतो. नसेल तर पोलराइज्ड गॉगल फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरून बघा, माझ्या बायकोच्या गॉगलमधून काढलेला भरतपूर बीचचा फोटो अजून ऑफिसच्या डेस्कटॉपवर आहे 😄

डीएसएलआर नक्की न्या पण एसी रूममधून थेट बाहेर काढू नका, लेन्सवर घाम येतो आणि सूर्योदय निघून जातो तो सुटेपर्यंत. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी व्हरांड्यात ठेवायची. बीचवर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही, काका कितीही म्हणाले तरी. रोज रात्री ओलसर कपड्याने मीठ पुसायचं.

पाण्यातली पिशवी: आधी आत टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवून बघा, कोरडा निघाला तरच फोन. पाण्याखाली स्क्रीन बोट ओळखत नाही, तेव्हा व्हॉल्यूमच्या बटनावर शटर आहे का ते घरीच बघा. आणि सासूबाईंना सांगा लाल ड्रेस घालून उपयोग नाही, थोडं खाली गेलं की पाणी लाल रंग आधी खातं, सगळं निळसर दिसतं. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर गाइड लोक त्यांच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढून देतात, ते तिथेच फोनमध्ये घेऊन, उघडून, बघूनच निघा. "नंतर पाठवतो" म्हणाला तर समजा गेलं.

गोडेतेल:
मी मागच्या फेब्रुवारीत गेलो होतो. बाराटांग मस्त आहे, चुनखडीच्या गुहा, खारफुटीतून बोट, चिखलाचा ज्वालामुखी (बघायला फार काही नाही, बुडबुडे येतात). रस्त्यात नशीब असेल तर जारवा आदिवासी दिसतात, मी खिडकीजवळ बसलो होतो पण ड्रायव्हरने मोबाइल खाली ठेवायला लावला नाहीतर चांगला चान्स होता. डाव्या बाजूला बसा.

निवृत्त_सारंग:
गोडेतेल साहेब, ड्रायव्हरने तुम्हाला वाचवलं. मी पोर्ट ब्लेअरला ३ वर्षं पोस्टिंगला होतो म्हणून जरा कडक बोलतो, राग मानू नका. जारवांचा फोटो काढणं हा गुन्हा आहे, १९५६ चा आदिवासी संरक्षणाचा कायदा आहे तिथे, तुरुंगवास होऊ शकतो. जिरकाटांगपासून गाड्या ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायचं नाही, काही द्यायचं नाही, कॅमेरा बॅगेत. ती माणसं त्यांच्या घरात आहेत आणि आपण त्यांच्या अंगणातून गाड्या नेतोय, "चान्स" कसला? बाहेरचा साधा आजारसुद्धा त्यांना झेपत नाही. गुहांसाठी जायचं तर जरूर जा, पण ताईंना माझा सल्ला वेगळा आहे: पहिल्या ताफ्यासाठी मध्यरात्रीनंतर उठावं लागतं, अख्खा दिवस गाडीत, वर गुडघे दुखणारे वडीलधारे. तो दिवस रॉसला आणि पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूच्या किनाऱ्याला द्या.

रॉस म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. नावं २०१८ ला बदलली, हॅवलॉक झालं स्वराज द्वीप आणि नील झालं शहीद द्वीप, आणि २०२४ ला पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, पण टॅक्सीवाला जुनीच नावं घेतो, गोंधळू नका. रॉसवर इंग्रजांची पडकी चर्च, बंगले, बेकरी, आणि त्या भिंतींना वडापिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळ्यांनी असं आवळलंय की भिंत पडेल तर झाड धरून ठेवेल. फोटोंसाठी माझ्या मते सगळ्या अंदमानात हीच जागा एक नंबर. हरणं अगदी जवळ येतात, मुलाला आवडेल. ज्येष्ठांसाठी बॅटरीची गाडी असते.

नॅचरल ब्रिज १२.३० हे एजंटने कशावरून ठरवलं ते त्याला विचारा. तो पूल ओहोटीतच बघायचा, भरतीत तिथपर्यंत जाताच येत नाही. भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणजे सगळ्या ग्राहकांना एकच वेळ लागू कशी पडेल? तुमच्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक नेटवर बघा आणि ओहोटीच्या तासभर आधी तिथे पोचा. खडक शेवाळलेले आहेत, पकड असलेल्या चपला लागतील, काकांना वर चहाच्या टपरीवर बसवलेलं बरं. खडकांच्या डबक्यांत मासे, समुद्रकाकड्या दिसतात, पोराला कॅमेरा द्या नि मोकळं सोडा.

आणखी दोन. विमानतळाची धावपट्टी नौदलाची आहे, तिचे फोटो काढू नका. शंख-प्रवाळ पिशवीत भरून आणू नका, परत येताना सामान तपासतात. ड्रोनचा विचार असेल तर सोडून द्या.

गोडेतेल:
सारंग काका, चुकलं. माहीत नव्हतं खरंच. वरचं एडिट होत नाहीये, राहू दे लोकांना कळेल तरी.

फिरस्ती_मावशी:
सारंगभाऊंना अनुमोदन. आणि सेल्युलर जेल उतरल्या उतरल्या नको गं, विमानाने दमलेल्या अंगाने ती जागा बघू नये. १८९६ ते १९०६ बांधत होते, सात पाखं होती, आता तीन उरलीत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, महाराष्ट्रातला प्रत्येक ग्रुप तिथे जातो आणि तिथेच खरी गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा एक जण गजांमागे उभा राहून कैद्याची पोझ देत होता आणि बायको "जरा उदास तोंड कर" म्हणत होती. मला शरम वाटली, पण खरं सांगू, आमच्या ह्यांनीसुद्धा फोन काढला होताच. एवढीशी खोली आहे, दोघं सावरकर भाऊ त्याच तुरुंगात होते. सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलात तर एकटं उभं राहायला मिळेल, फोटो काढायचाच तर बाहेरच्या लांब व्हरांड्याचा काढा, गजांच्या सावल्या पडतात त्याचा. आणि गच्चीवर नक्की जा, समोर रॉस दिसतं.

अर्धा_ट्रायपॉड:
एक राहिलं. हॅवलॉकला जाताना खाजगी क्रूझ घेतली तर बहुतेकदा एसी हॉलमध्ये बसवतात आणि काचेवर मिठाचे डाग, फोटो शून्य. सरकारी बोट हळू जाते पण डेकवर उभं राहता येतं, उडणारे मासे दिसतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी घ्या. आणि जुनी लाल २० ची नोट असेल तर सोबत ठेवा, तिच्यामागे जे नारळाचं चित्र आहे ते पोर्ट ब्लेअरजवळच्या माउंट हॅरिएट डोंगराकडचंच, टॅक्सीवाला जागा दाखवतो, नोट हातात धरून मागे तोच देखावा असा फोटो सगळे काढतात, चीझी आहे पण मुलं खूश. नव्या २० च्या नोटेवर आपलं वेरूळ आलंय, ती नेऊन उपयोग नाही.

चिंचेचं_बोटूक:
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! काल एजंटला फोन केला, भरतीचं विचारलं तर दोन मिनिटं गप्पच, मग म्हणे "मॅडम असं कोणी विचारत नाही". शेवटी बाराटांग काढून रॉस आणि चिडिया टापू टाकलं, राधानगर ३ ला, जेल तिसऱ्या दिवशी सकाळी. सरकारी बोटीचं बघतो म्हणालाय. सासऱ्यांना लेन्स बदलायची नाही हे सांगितलं तर ते रुसलेत, एकच लेन्स मग कोणती न्यायची यावर आज जेवताना चर्चा झाली आणि अजून निर्णय नाही.

लाल विशीची नोट अख्ख्या घरात शोधली. सापडली, देवघरातल्या डबीत, पण सासूबाई देत नाहीयेत. म्हणतात ती लक्ष्मीपूजनाची आहे, ती समुद्र ओलांडून जाणार नाही. कोणाकडे जास्तीची असेल तर पुण्यात कोथरूडला येऊन घेऊन जाईन, बदल्यात वेरूळवाली देईन 🙏