जॉर्ज मायकलने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला का?

कॅसेटबहाद्दर
माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्रिटिश पॉपगायक जॉर्ज मायकलची कारकीर्द सोनी या त्याच्या रेकॉर्ड कंपनीने नाही, त्याच्या हट्टाने खाल्ली. १९८७चा 'फेथ' अल्बम आठवा. गाणी त्याची, निर्मिती त्याची, बरीचशी वाद्यंही त्यानेच वाजवलेली. अमेरिकेत त्यातली चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, १९८९मध्ये ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. वय पंचवीस! आणि १९९०मध्ये पुढचा अल्बम 'लिसन विदाउट प्रेज्युडिस' आला तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, मी व्हिडिओत दिसणार नाही. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणाऱ्या एमटीव्हीचा सुवर्णकाळ चाललाय आणि हा लपून बसतोय. अमेरिकेत खप 'फेथ'च्या जवळपासही गेला नाही. मग कंपनीने नीट जाहिरात केली नाही म्हणून कोर्टात गेला, हरला. पुढचा स्वतःचा अल्बम थेट १९९६ला. ऐन उमेदीची वर्षं अशी घालवतं का कोणी?

शुद्धनिषाद
साफ असहमत. लपून बसला म्हणता, पण त्याच अल्बममधल्या 'फ्रीडम'चा व्हिडिओ पाहिलाय का? दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचा, तेव्हा त्याने एकही सिनेमा केला नव्हता. नेओमी कॅम्पबेल, सिंडी क्रॉफर्ड, लिंडा इव्हँजेलिस्टा वगैरे मॉडेल जॉर्जच्या आवाजावर ओठ हलवतात. आणि मध्येच 'फेथ'मधलं ते सुप्रसिद्ध लेदर जॅकेट पेट घेतं, गिटारचा आणि ज्यूकबॉक्सचा स्फोट होतो. ज्या रूपावर कंपनीने पैसा केला ते रूप त्याने भर पडद्यावर जाळलं, तेही नाचायला लावणाऱ्या चालीवर. त्याआधीच्या 'प्रेइंग फॉर टाइम'च्या व्हिडिओत तर नुसते गाण्याचे शब्द होते. तरी ते अमेरिकेत पहिलं आलंच की!

गल्लीतला_वकील
व्हिडिओ झकास आहे, वादच नाही. पण त्याने खटल्यात जो 'गुलामगिरी'चा सूर लावला तो मला कधीच पटला नाही. १९८२मध्ये व्हॅम! या त्याच्या आधीच्या जोडगोळीचा पहिला करार इनरव्हिजन या रेकॉर्ड कंपनीशी झाला, तो खरोखर पोराटोरांना गुंडाळणारा होता. त्यातून भांडून बाहेर पडले. १९८८चा सोनीशी झालेला करार तसा नव्हता. तोवर हा जगातला मोठा स्टार, पाठीशी उत्तम वकील, पैसेही वाढवून घेतलेले. १९९४मध्ये न्यायमूर्ती पार्कर यांनी करार वाजवी ठरवला तो उगाच नाही. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचाही हाच आणि मागचाही हाच.

मंद्रसप्तक
वकीलसाहेब, करार कायद्याने वाजवी असेलही. पण आठ अल्बम पुरे होईपर्यंत, म्हणजे पार २००३पर्यंत, बांधून ठेवणारा करार पंचविशीतल्या माणसाला नकोसा झाला तर त्यात नवल काय? आणि 'वर्षं घालवली' हे कुठून काढलंत? एप्रिल १९९२, वेम्बली, क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ कार्यक्रम. त्यातलं क्वीनचं 'समबडी टू लव्ह' ऐका. भल्याभल्या गायकांची तिथे फे फे उडाली, हा मात्र ते गाणं स्वतःचं असल्यासारखा गायला. १९९३मध्ये त्याचा जोडीदार अन्सेल्मो फेलेप्पा गेला. त्या दुःखातून 'जीझस टू अ चाइल्ड' आलं. १९९६च्या 'ओल्डर'मधली सहा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या तिनात गेली. हे संपलेल्या माणसाचं काम वाटतं?

कॅसेटबहाद्दर
@मंद्रसप्तक ताई, ब्रिटनमध्ये हो. अमेरिका मात्र हातची गेली ती गेलीच. आणि 'ओल्डर' काढायला दुसऱ्या कंपन्यांनी सोनीला पैसे मोजून त्याला सोडवला, कोर्टाने नाही. २००४चा 'पेशन्स' अल्बम पुन्हा सोनीकडेच! मग एवढा अट्टहास कशासाठी?

शुद्धनिषाद
अट्टहास त्याचा स्वभावच होता हो. त्याचं 'केअरलेस व्हिस्पर' हे गाणं आधी जेरी वेक्सलरने ध्वनिमुद्रित केलं होतं. गायिका अरेथा फ्रँकलिनला घडवणारा निर्माता! या पोराने ते बाजूला ठेवलं, लंडनमध्ये स्वतः पुन्हा केलं. सॅक्सोफोनचा तो तुकडा मनासारखा वाजेना म्हणून एकामागून एक वादक बोलावले, स्टीव्ह ग्रेगरीवर येऊन थांबला. तेव्हा याचं वय विशीच्या आसपास. हट्टाला शिव्या घालायच्या आणि तो सॅक्सोफोन मात्र गुणगुणायचा, असं कसं चालेल?

गल्लीतला_वकील
स्टुडिओतला हट्ट वेगळा, धंद्यातला वेगळा. तिथे हट्टातून गाणं मिळालं. इथे 'लिसन विदाउट प्रेज्युडिस'चा दुसरा भाग यायचा होता, तो कधी आलाच नाही. श्रोत्यांच्या पदरात काय पडलं?

मंद्रसप्तक
काही गाणी पडली की! १९९२मध्ये एड्सच्या मदतीसाठी निघालेल्या 'रेड हॉट अँड डान्स'ला त्याने तीन गाणी देऊन टाकली. 'टू फंकी' त्यातलंच.

गल्लीतला_वकील
आणि त्या 'टू फंकी'ची सिंगल कोणी काढली? एपिकने, म्हणजे सोनीनेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीला कोर्टात खेचलं. आता बोला.