शेवटच्या दिवशी एकटं राहिलं तरी चालते

ताई, सहलीच्या शेवटच्या दिवशी ग्रुप खरेदीला जाईल तेव्हा वडिलांच्या आठवणीत खोलीतच राहावंसं वाटते, असं तुम्ही लिहिलं. खुशाल राहा. माय गेल्यावर मी दारव्ह्याकडच्या गाववाल्यांसोबत श्रीलंकेला गेलो. सम्राट अशोकाची लेक संघमित्रा, तिनं बोधगयेहून नेलेल्या फांदीचा अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहायची हौस मायचीच. तिथं निभलं. शेवटी कँडीच्या दंतधातू विहारात (बुद्धांचा दात जपून ठेवलाय तिथं) पूजेचे ढोल वाजले अन् मला आवरलंच नाही. १९५० मध्ये बाबासाहेब इथंच बौद्ध परिषदेला आले होते, गाइड सांगत होता. माझं ध्यान कुठं! सोबतच्या काकूंनी काही विचारलं नाही, फुलं हाती दिली. (नाहीतर आपल्याकडं समजूत फार घालतात बुवा.) फक्त टूरवाल्याला आधी सांगून ठेवा, विमानतळाची बस सुटताना उगाच शोधाशोध होते.