मदत हवी आहे: पचनसंस्थेवरचा गेम लहान आतड्यात अडकलाय

नमस्कार मंडळी. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं साधन) मराठी गेम करतेय. खेळाडू म्हणजे भाकरीचा घास. इथे दातांना चुकवायचं नाही, उलट जितकं बारीक व्हाल तितके गुण! लाळेने स्टार्चची साखर व्हायला लागते, ती गंमत मुलांना फार आवडली. जठरातलं आम्लही.

पण लहान आतडं जवळजवळ 6 मीटर लांब, आणि खरं शोषण तिथेच. नेमकी तिथेच मुलं कंटाळतात. पित्त, स्वादुपिंडाचा रस यांना 'शस्त्रं' करा असं एकाने सुचवलं, मला पटत नाही; अन्न काही शत्रू नाही.

आतल्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांतून पोषकद्रव्यं रक्तात जातात, हे खेळातून कसं दाखवू? शिक्षक, डॉक्टर, गेम बनवणारे, कुणीही सुचवा.