हापूसची कलमे आणि एच-इंडेक्स

एका गणितज्ञाचा एच-इंडेक्स १२ आणि जैववैद्यक शाखेतील संशोधकाचा ४०, म्हणून दुसरा सरस, हा निष्कर्ष काही जण काढतात, तो मला पटत नाही. ज्याच्या १२ शोधनिबंधांना प्रत्येकी किमान १२ संदर्भ (म्हणजे इतर निबंधांतून आलेले उल्लेख) मिळाले, त्याचा इंडेक्स १२, अशी मोजणी होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवली. पण जीवविज्ञानात हे आकडे मुळातच मोठे असतात, हे त्यानेच तेव्हा नमूद केले होते. गणितात लेखक थोडे, निबंध थोडे आणि संदर्भयादीही आखूड. जैववैद्यकात सारेच उलट.

आमच्या कोकणातलेच पाहा. नीलम आणि हापूस या आंब्यांच्या संकरातून 'रत्ना' हा वाण आला, पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून पातळ कोयीचा 'सिंधू'. मोहोर हाताने परागित करायचा, टिकलेल्या मोजक्या फळांच्या कोया रुजवायच्या आणि झाड धरेपर्यंत काही वर्षे वाट पाहायची, असे हे काम आहे. नियतकालिकाचे वजन ठरवणारा आकडा, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, मात्र आधीच्या दोनच वर्षांतील लेखांना एका वर्षात सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच मोजतो. माझ्या परसात 'वेंगुर्ला-७' काजूचे कलम आहे. ते लावणाऱ्या बागायतदारांपैकी कोणीही शोधनिबंध लिहीत नाही, त्यामुळे त्या वाणामागच्या संशोधकाच्या खात्यात आमच्याकडून एकही संदर्भ जमा होत नाही.

तुलना करायचीच असेल, तर त्याच शाखेतील, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या सरासरीशी करावी. निवड समितीवर असाल, तर निदान दोन-तीन निबंध प्रत्यक्ष वाचावेत.