बाइकजोरिंग: अंतर वाढवलं आणि वेग घसरला

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझी कुत्री चिकू अडीच वर्षांची आहे, वजन 24 किलो. पाच महिन्यांपासून आम्ही दोघी बाइकजोरिंग करतोय, म्हणजे मी सायकलवर आणि ती पुढे दोरीने सायकल ओढत पळते. एक्स-बॅक हार्नेस (पाठीवर फुलीसारखे पट्टे असलेला, ओढण्यासाठीचा) आहे, बंजी लाइन म्हणजे ताणली जाणारी दोरी आहे, ती पुढच्या चाकात जाऊ नये म्हणून सायकलला अँटेना, म्हणजे दोरी वर धरणारी दांडीही लावलीय. 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, हे तिला पक्कं कळतं. 'ऑन बाय', म्हणजे लक्ष न देता पुढे चल, म्हटलं की खारीकडेसुद्धा बघत नाही.

प्रत्येक राइड जीपीएस घड्याळावर नोंदवते. आधी 3 किलोमीटर जायचो, सरासरी ताशी 24. आता 6 किलोमीटर, आठवड्यातून चारदा, आणि सरासरी 19 वर आलीय. रविवारी पाचव्या किलोमीटरला चढावर ती थांबली आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं डोळ्यांसमोरून हलत नाही. माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद 1

ताई, सरासरी आधी बाजूला ठेवा. त्या आकड्यात तुमचं पेडल मारणंही मिसळलेलं असतं. घड्याळ तुमच्या हृदयाचे ठोके मोजतं, चिकूचे नाही.

त्याऐवजी दर किलोमीटरचा वेग काढून बघा. माझ्या कुत्र्याची सरासरी कित्येक आठवडे छान दिसत होती. फोड करून पाहिली तर पहिला किलोमीटर 31 ने, शेवटचा 16 ने. पठ्ठ्या सुटतानाच सगळा जीव काढत होता आणि मी खूश होऊन त्याला सोडत होतो. आता सुरुवातीला मागचा ब्रेक हलका धरून ठेवतो. दोरी ताणलेली राहते, त्याचा वेगही आवरतो.

आणि दोरी कुठे सैल पडली, ते घरी आल्याआल्या लिहा. माझ्या वहीतली सगळ्यात कामाची नोंद तीच. शेजारी तापमान, आर्द्रता, वाट मऊ की खडीची, आणि धाप बसायला किती मिनिटं लागली. दोरी दर वेळी आणखी लवकर, अलीकडच्या वळणावरच सैल पडू लागली, तर अंतर वाढवायचं नाही, कमी करायचं.

आठवड्यातून चारदा 6 किलोमीटर फार होतात. सध्या दोनदाच ओढायला लावा, मध्ये नुसतं मोकळं फिरणं. 400 मीटर ओढ, मग धाप बसेपर्यंत चालत, असं चार वेळा. तिला अजून पळायचं असतानाच हार्नेस काढा. पुढच्या वेळी तीच तुम्हाला दाराकडे ओढेल.

प्रतिसाद 2

रविवारी हवा कशी होती? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. दमट हवेत तेही नीट होत नाही. 15 अंशांच्या वर मी ओढायला लावतच नाही. पाणी साधारण दोन तास आधी पाजते, ऐन निघताना पोटभर नाही.

आणखी एक, कळकळीने सांगते. मान वळवून थांबणं दर वेळी थकव्याचंच नसतं, कधी कधी दुखत असतं. खांदे, पंजे, काखा हाताने चाचपून बघा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रविवारचा दर किलोमीटरचा वेग काढला: 29, 24, 20, 17, 14, आणि सहाव्याला 17, तोही सगळा उतार. हवा 21 अंश आणि चिकट दमट.

मग चिकूला कुशीवर झोपवून काखा पाहिल्या. डाव्या काखेत बोटाच्या पेराएवढ्या जागेवरचे केस झिजलेत, खाली गुलाबी कातडी दिसतेय. हात लावताच तिने पाय आखडून घेतला. पाच महिन्यांत तिची छाती भरली आणि हार्नेस तोच राहिला. रोज मीच तो चढवत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतेय. तोवर दोरी, सायकल काही नाही, फक्त चालणं. नव्या हार्नेससाठी माप कुठून कुठपर्यंत घ्यायचं, तेवढं सांगाल का?