टी४२०ला अजून किती टेकू द्यायचे?

जुना_गडी:
माझ्याकडे थिंकपॅड टी४२० लॅपटॉप आहे, २०११चं मॉडेल. प्रोसेसर आय५-२५२०एम, म्हणजे दोन कोर (काम करणारे दोन भाग), चार थ्रेड (एका वेळी चार कामं). आला तेव्हा ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क होती, आज १६ जीबी आणि एसएसडी आहे. कागदोपत्री रॅमची मर्यादा ८ जीबीचीच, पण ८-८च्या दोन पट्ट्या निमूट चालतात.

माझं म्हणणं सरळ आहे. लिहिणं, हिशेब, मेल, थोडंफार कोडिंग एवढंच काम असेल तर हे मशीन टाकून नवं घेणं ही निव्वळ हौस. हल्लीच्या कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, घेतली ती जन्माची. इथे मनात आलं की बदलता येते. (कीबोर्डचं तर नावच काढू नका. सात ओळींचा जुना कीबोर्ड या मालिकेत इथेच संपला, २०१२च्या टी४३०ला सुट्या, चपट्या बटणांचा चिकलेट आला.) पटत नसेल तर सांगा, घोडं नक्की अडतं कुठे?

शंकासुर:
व्हिडिओपाशी अडतं. त्यातलं एचडी ३००० ग्राफिक्स व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतींपैकी एच.२६४ स्वतः उलगडतं, पण व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या पद्धती त्याला कळतच नाहीत. यूट्यूबवर हल्ली व्हिडिओ बहुतेक त्याच रूपात येतात. मग सगळा भार त्या दोन कोरांवर, पंखा घोंघावणार आणि चित्र अडखळणार. रॅम कितीही घाला, त्या उलगडणारा डीकोडर चिपमध्येच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

जुना_गडी:
ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब एच.२६४ पाठवतं. १०८०पी पर्यंत मिळतं, माझा पंखा शांत असतो.

शंकासुर:
म्हणजे दुखणं तसंच, वर पट्टी. आणि उद्या त्यांनी एच.२६४ देणं बंद केलं तर?

खटपट्या:
दोघंही जरा थांबा. अपग्रेडच्या नावाखाली लोक काय करतात ते आधी बघा. या मशीनमध्ये कीबोर्ड उचलला की एमसाटाची, म्हणजे छोट्या कार्डासारख्या एसएसडीची, खाच मिळते. लोक हौसेने तिथे एसएसडी बसवतात, ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर टाकतात आणि मुख्य जागेत जुनी हार्डडिस्क ठेवतात. खरं तर एमसाटा साटा-२चा (साटा म्हणजे डिस्क जोडायची पद्धत), सेकंदाला ३ गिगाबिटवाला, आणि मुख्य जागा साटा-३ची, ६ गिगाबिटची. डीव्हीडी काढून तिथे कॅडी (डिस्क धरणारा साचा) बसवली तर तीही साटा-२च. म्हणजे चांगली एसएसडी मुख्य जागेत हवी. रोजच्या कामात मात्र हा फरक फारसा जाणवत नाही. हार्डडिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आल्याची उडी मोठी, त्यापुढचं सगळं बेंचमार्कवाल्यांचं समाधान.

वायफाय बदलायला जाल तर आणखी गंमत. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मंजूर कार्डांची यादी आहे. यादीबाहेरचं कार्ड लावून मशीन चालू केलं की काळ्या स्क्रीनवर १८०२ क्रमांकाची चूक उमटते आणि सगळं तिथेच ठप्प. कार्ड परत काढल्याशिवाय पुढे सरकत नाही. बायोसच बदलून त्याजागी कोअरबूट हा मुक्त प्रोग्रॅम टाकणारे आहेत, पण ते काम चहा पिता पिता करण्यातलं नाही.

पोटमाळा:
प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे हे विसरलात. क्वाड-कोर बसतो.

खटपट्या:
बसतो, पण आय५-२५२०एम ३५ वॅटचा आणि आय७-२७२०क्यूएम ४५ वॅटचा. उष्णता काढणारी नळी आणि पंखा मात्र तेच. भार आला की तापमान चढतं, प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग उतरतो, आणि जे चार कोर म्हणून आणले ते धापा टाकत बसतात. त्यापेक्षा प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) खरवडून नवी लावा आणि पंख्यातल्या धुळीचा बोळा काढा. माझ्या मते जुन्या मशीनचं सगळ्यांत स्वस्त अपग्रेड हेच, आणि हेच कुणी करत नाही.

सावध_पाऊल:
तुमचं सगळं वेगावर चाललंय, सुरक्षेचं काय? विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. हा दुसऱ्या पिढीचा, त्यातली चिप १.२ची. जुगाड करून ११ टाकता येतं, पण ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे तिथे जुगाड मला नको.

जुना_गडी:
मी लिनक्स वापरतो, अपडेट येतात. आणि सगळी जुनी यंत्रं एका मापाने मोजू नका. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना (प्रोसेसरला थेट कळणारी आज्ञा) लागते. ती त्याआधीच्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरांत नाही, तिथे जुगाडही चालत नाही. माझ्यात आहे.

सावध_पाऊल:
लिनक्स म्हणता तर मान्य, निम्मा मुद्दा मागे घेतो. पण एव्हीएक्स२ हा सूचनांचा नवा संच तुमच्याकडे नाही, आणि तो नसेल तर सुरूच न होणारे प्रोग्रॅम वाढताहेत. शिवाय कुणी "दुसऱ्या पिढीचा आय३ही चालेल" असं म्हणून घेत असेल तर त्याला सांगा, त्यात एईएसच्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करायच्या पद्धतीच्या, खास सूचना नाहीत. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली की एसएसडीचा वेग तिथेच गळतो. आय५मध्ये त्या आहेत.

पोटमाळा:
आणि यूएसबी ३? मोठ्या फायली बाहेरच्या डिस्कवर टाकायच्या तर यूएसबी २वर जेवण करून यावं लागेल.

जुना_गडी:
जादा कार्ड घालायच्या एक्स्प्रेसकार्डच्या खाचेत यूएसबी ३चं कार्ड बसवलंय. बाहेर थोडं डोकावतं, पण चालतं.

शंकासुर:
स्क्रीनबद्दल कुणीच बोलेना. १३६६ x ७६८, जरा मान कलली की रंग उलटे. त्यावर दिवसभर कोडिंग करता?

जुना_गडी:
नाही, डिस्प्लेपोर्टवर बाहेरचा मॉनिटर लावलाय.

शंकासुर:
बॅटरी?

जुना_गडी:
पाऊण तास. चार्जर लावलेलाच असतो.

शंकासुर:
म्हणजे मॉनिटर बाहेरचा, चार्जर कायम लावलेला, आणि बाजूला कार्ड डोकावतंय ते धक्का लागेल म्हणून हलवायचं नाही. राव, शेवटचा कधी मांडीवर घेतला होता?

जुना_गडी:
…कीबोर्ड मात्र त्याचाच वापरतो.