एसीची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? (ऐरोली, खाडीजवळ)

नमस्कार मंडळी,

आम्ही ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो. हॉलमधला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी चौथ्या उन्हाळ्यातच बसला. आधी कूलिंग कॉइलमधून गॅस गेला. भरून घेतला, तो महिनाभरात परत गायब. आता आउटडोअर युनिटचा पीसीबीपण (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) उडालाय. कंपनीचा माणूस म्हणतो, दोन्ही मिळून एकवीस हजार, त्यापेक्षा नवीनच घ्या. एसीवर 'कॉम्प्रेसर 10 वर्षं' असा भलामोठा स्टिकर आहे. कॉम्प्रेसर ठणठणीत आहे हो, पण नुसता तो घेऊन काय करू? सासऱ्यांचा जुना विंडो एसी डोंबिवलीत अजून घरघरतोय (वीजबिल त्यांचं त्यांना माहीत).

नवीन बघायला वाशीला गेलो, तर दुकानदार चार वर्षांची जादा वॉरंटी सहा हजारांत गळ्यात मारतोय. "सगळं कव्हर होतं साहेब." अटींचा कागद मागितला तर म्हणे पैसे भरल्यावर ईमेलवर येईल!

खाडीजवळ राहणाऱ्या कुणाला अशा वॉरंटीत कॉइल खरंच बदलून मिळाली आहे का? आणि आमच्याकडे देवाची चांदीची भांडी आठवड्यात काळी पडतात, त्याचा याच्याशी काही संबंध?

प्रतिसाद 1
संबंध आहे. ओहोटीला चिखलाचा आणि नाल्याचा जो कुजका वास येतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. चांदी काळी करतो तोच वायू तांब्यालाही खातो. कॉइलच्या नळ्यांना बारीक भोकं पडतात, पीसीबीवरचे तांब्याचे ट्रॅक तुटतात. गळती न काढता गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात. आता गंमत बघा, बऱ्याच वॉरंट्यांत 'गंजामुळे झालेलं नुकसान' बारीक अक्षरात वगळलेलं असतं. म्हणजे आपल्या भागात जे हमखास बिघडतं तेच बाहेर! सहा हजार त्यात घालण्यापेक्षा कॉइलला आणि पीसीबीला संरक्षक लेप असलेलं मॉडेल बघा, आणि पीसीबीवर कंपनीची स्वतःची किती वर्षं आहेत ते विचारा. घ्यायचीच तर कंपनीची घ्या, दुकानाची नको.

प्रतिसाद 2
अटी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कॉइल, गॅस, पीसीबी आणि गंज, या चारांबद्दल बिलावरच लिहून मागा. नंतर टाळाटाळ झाली तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवा. तिथे नाही सुटलं तर ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे दुकान कुठलंही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे तुम्हाला ठाणे जिल्ह्यात, दाद मागता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीची मुदत 2 वर्षांची.

धागाकर्ता
दोघांचे आभार. दुकानदाराला फोन केला. गंजाचं बिलावर लिहून द्यायला तयार नाही, म्हणजे ती वॉरंटी बाद. आता एकच विचारायचंय: जुन्या एसीला लेपवाली कॉइल बसवून पीसीबी दुरुस्त करून देणारा कुणी माहितीतला आहे का, ऐरोली-रबाळे भागात? एक्स्चेंजमध्ये जेमतेम दोन हजार देतायत, जीवावर येतंय.